बाईंच्या दरबारातला उपरा

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज तुमच्याशी भांडायला बसलेय. ऐकून घ्या. तेव्हा तुमच्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप होती!

मीही आता इतिहासच शिकवते, इथेच नाशकात. परवा वर्गात तुमचा तो दरबार भरवला. मध्ययुगातलं इंग्लंड. राजाचा एका बाहेरून आलेल्या साध्या सरदारावर जीव, तो त्याला थेट उमराव करतो. मग जुन्या घराण्यांचे उमराव चवताळतात आणि याला हाकला म्हणून राजाच्या मानगुटीवर बसतात. तुमच्यासारखीच मी राजा झाले आणि एका डब्यात जेवणाऱ्या दोन मुलींना समोरासमोर उभं केलं. दरबार रंगला हो, पण दुसऱ्या दिवशी त्या दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसल्या होत्या.

आम्हीही तशाच होतो की, मी आणि माझी जिवाभावाची मैत्रीण. ती गंगापूर रोडची, वडील वकील. मी एकलहऱ्याची, वडील पॉवर स्टेशनात फिटर. तुम्ही तिला जुन्या घराण्याचा उमराव केलंत आणि मला तो उपरा. वर तुमचा नियम, की ज्याचं म्हणणं राजाला पटेल तो शनिवारी राजाकडे जेवायला. ते स्वयंपाकघर अजून डोळ्यांपुढे आहे. तुम्ही थालीपीठ थापताय, मी ओट्याला टेकून उभी आहे, आणि तुम्ही सांगताय की तो उपरा भल्याभल्या उमरावांना टोपणनावं ठेवायचा, तेच शेवटी त्याच्या जिवावर बेतलं. "जीभ आवर गं, तुझंही तसंच आहे," म्हणता आणि माझ्या ताटात लोण्याचा गोळा वाढता. इतक्या मायेनं मला आईही कधी रागावली नव्हती. ज्या शनिवारी तिचा नंबर लागायचा, त्या शनिवारी मला घरी घास उतरायचा नाही.

आणि मग तो शेवटचा दरबार. ती उठली, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "महाराज, याच्या बापाच्या हाताची काळिख अजून निघालेली नाही. असल्याने तुमच्या शेजारी बसायचं?" वर्ग खदखदून हसला. कामावरून आल्यावर बाबा मोरीत बसून कितीतरी वेळ हात घासायचे, तेच मला दिसलं. आणि तुम्ही? टेबलावर थाप मारून म्हणालात, "वा! अस्सेच बोलायचे ते लोक." मला रडू आलं तर म्हणे, "दरबारात रडून चालत नाही. उत्तर दे." मी वह्या उचलल्या आणि चालू पडले. ती स्टॉपपर्यंत मागे धावत आली, "अगं थांब तरी, ऐक ना!" मी नाशिकरोडच्या बसमध्ये चढले ती चढलेच.

त्यानंतर तिच्याशी एक शब्द बोलले नाही. तिच्या लग्नाला गेले नाही. माझे बाबा गेले तेव्हा तिला कळवलंसुद्धा नाही. इंदिरानगरला भाजी घेताना ती समोर दिसली की मी रस्ता बदलायचे. तुम्हाला मात्र मी कधीच माफ करून टाकलं होतं, तुमच्या दुखण्यात उशाशी बसले, पाय चेपले. राग सगळा तिच्या नावावर ठेवला. आता वाटतं, केवढं आयुष्य त्यात घालवलं मी!

त्या दोघी पोरींना तसं बसलेलं पाहिलं आणि राहवेना, तिला फोन लावला. तिनं आवाज ओळखला. "मेले, आत्ता आठवण आली होय तुला?" मी म्हटलं, फक्त एवढंच सांग, बाबांच्या हातांचा विषय का काढलास? ती म्हणाली, "ते वाक्य माझं नव्हतं गं. बाईंनी दिलं होतं. मी नको नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, तू बोल तर, ती पेटून उठेल आणि असं उत्तर देईल की वर्ग बघत राहील. हेच सांगायला धावत आले होते मी. अगं, तुझ्यावरच तर जीव होता त्यांचा. मी आपली नावाला."

ऐकलंत, बाई? इंग्लंडचे ते उमराव राहिले बाजूला, राजाच्या मर्जीसाठी खरोखर झुंजलो आम्ही दोघी, आणि तुम्ही खुशाल झुंजवलंत. तुम्हाला कुणी जाब विचारणारं नव्हतं. शिकवायच्या भरात केलंत हे कळतं मला, म्हणून काही मनाला कमी लागत नाही. उद्या मी तिच्याकडे जेवायला जातेय. त्या दोन मुलींनाही समोर बसवून हा दरबार मोडणार आहे. हे पत्र तर कुठेच जायचं नाही.

फोनवर मी रडले. तिला वाटलं, वाया गेलेल्या वर्षांसाठी रडतेय. तशी मी रडलेही, पण नंतर. "तुझ्यावरच जीव होता" हे ऐकल्याबरोबर, बाई, आधी मला आनंद झाला होता.