सोशिक वाण

सप्तापूर, धारवाड

प्रिय आई,

रागात लिहितेय, अक्षर वेडंवाकडं आलं तरी वाच. फोनवरच भांडले असते, पण नको ते ऐकायची वेळ आली की तू फोन डाव्या कानाला लावतेस. अक्का माझ्या खोलीवर आल्यापासून तू तिला काय काय सुनावलंस, ते शेजारी बसून ऐकलंय मी. रविवारी तू महेशदाजींना घेऊन येणार म्हणे, तिला परत सासरी उणकलला पोचवायला. वर, बाईनं सोशिक असावं!

गेल्या पावसाळ्यात तू प्रयोगाच्या शेतावरचे माझे टोमॅटो बघायला आलीस, तेव्हाही हाच शब्द. पानांवरच्या ठिपक्यांच्या रोगाला दाद न देणारं वाण मी शोधतेय, आणि तुला नेमकी आवडली ती ठिपक्यांनी काळवंडलेली ओळ. एवढा रोग अंगावर, तरी फळांनी लगडलेली! किती गं सोशिक, म्हणालीस, आणि माझी पाठ वळताच दोन पिकली फळं पदरात बांधलीस, अळणावरला आपल्या घरी बी धरायला. मी ती काढून घेतली, तर घरी जाईपर्यंत तोंड फुगवून बसलीस.

तेव्हा सांगितलं नाही, आज ऐक. सोसणारं झाड रोगाला अडवत नाही, अंगावर पोसतं. स्वतः उभं राहतं आणि पावसाच्या शिंतोड्यांनी शेजारच्या झाडाला देतं. बियांतूनही पुढे धाडतं. दाद न देणारं झाड मात्र जिथं रोग शिरला तेवढा टिचभर भाग आपणच मारून टाकतं आणि वाढत राहतं. अक्कानं तेच केलंय. त्याला तुम्ही घर मोडणं म्हणता!

तिच्या गालावरचे वळ अजून उतरले नाहीत. ते बघून मला सारखा तुझा डावा कान आठवतो. आम्ही दोघी लहानपणापासून तुझ्या उजव्या बाजूला बसून बोलतो. विहिरीत पोहताना पाणी जाऊन कान बहिरा झाला, असं तू सांगितलंस आणि आम्ही मान डोलावली. आई, तुला पोहता कुठं येतं?

दाजी आले तर दार उघडणार नाही. पण तू ये. अप्पांना काय सांगायचं ते तूच ठरव. एकटी ये, आणि येताना चार साड्या जास्तीच्या आण. खोली लहान आहे, पण तिघी मावू. परत कधी जाणार, असं इथं तुला कुणी विचारणार नाही.

तुझ्या उजव्या बाजूला बसणारी,
तुझीच,
दीपश्री