कोपऱ्यावरच्या घराची मागची भिंत

मी, खाली सही करणार, वय वर्षे बहात्तर, धंदा रंगाऱ्याचा (हात थरथरतो म्हणून गेल्या वर्षापासून बंद), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने आणि रागाने लिहून ठेवत आहे. राग आहे म्हणून डोकं ठिकाणावर नाही, असं कोणी म्हणू नये. डॉक्टरीणबाईंनी कालच तपासून दाखला दिला आहे. रक्तदाब जावयांमुळे वाढला, एवढं लिहून द्यायला मात्र त्यांनी नकार दिला.

कलम एक. मी राहतो ते तीन खोल्यांचं घर माझ्या एकुलत्या एका लेकीला. जावई या घराला डोकेदुखी म्हणतात. मागच्या रविवारी माझ्याच खुर्चीत बसून म्हणाले, "बाबा, हे दुरुस्त करत बसलो तर आमचं निम्मं आयुष्य जाईल. कोपऱ्यावरचं घर कसं तयार आहे. कुलूप उघडायचं आणि राहायला जायचं." माझं छप्पर गळतं, कबूल. न्हाणीघराचं दार खालून कुजलंय, कबूल. रंगाऱ्याच्याच घराचे पोपडे निघालेत म्हणून गल्ली हसते, तेही कबूल. पण हे सगळं दारातून आत आल्या आल्या दिसतं. मी कधी त्यावर कॅलेंडर टांगलं नाही.

कलम दोन. बँकेत जे काही आहे ते याच घराच्या दुरुस्तीला लावावं. आधी छप्पर, मग नळ, मग भिंती, आणि रंग सगळ्यात शेवटी. जावई रंगापासून सुरुवात करायला जातील, त्यांना आवरावं. लेकीची आई या घरात आली तेव्हा खिडक्यांना काचा नव्हत्या. आम्ही दरवर्षी एक खिडकी केली आणि तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. जावयांना सहा महिने धूळ सोसवत नाही म्हणे.

कलम तीन. शिडी, बादल्या आणि पुट्टीचे पत्रे शेजारच्या सुतारांना. माझा रुंद ब्रश आठ वर्षांपूर्वी त्यांनी दोन दिवसांसाठी नेला, व्हार्निशमध्ये बुडवून तसाच वाळवला आणि आजतागायत परत केला नाही. तो त्यांनी ठेवावा आणि रोज बघावा.

कलम चार. जुनी घरं घेऊन तीन आठवड्यांत नटवून विकणारा जो माणूस आहे, ज्याला आम्ही कारागीर 'चकचकीत' म्हणतो, तो माझ्या अंत्यविधीला आला तर त्याला बसायला खुर्ची देऊ नये. कोपऱ्यावरचं घर त्याचंच. नवी फरशी, नवा ओटा, छतात दिवे. लेक मला ते दाखवायला घेऊन गेली. मागच्या खोलीतल्या भिंतीवरून हात फिरवून म्हणाली, "बाबा, किती सफाईदार काम केलंय बघा."

ते काम माझं होतं.

गेल्या वर्षीचं, शेवटचं. त्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा होता, माझी करंगळी आत जात होती. त्या बाजूचा पाया खचतोय, हे न शिकलेल्यालाही कळेल. मी चकचकीतला म्हणालो, "आधी गवंड्याला दाखवा." तो म्हणाला, "तुला रंगाला बोलावलंय ना?" आणि मी, जन्मभर दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवणारा, निमूटपणे तड्यात चिंध्या कोंबल्या. वर जाळीची पट्टी, पुट्टी, घासकाम आणि दोन हात रंग. कोणीतरी तिऱ्हाईत घेईल असं वाटलं होतं. त्या तिऱ्हाइताची पोरंबाळं त्याच भिंतीला पाठ टेकून बसणार, हा विचार मी मनाला शिवू दिला नाही. मला चकचकीतचा संताप येतो, पण त्याहून जास्त स्वतःचा येतो. लेकीला तोंडाने सांगायची लाज वाटते, म्हणून इथे लिहिलं.

इथपर्यंत लिहून सुतारांना साक्षीदार म्हणून वाचायला दिलं. त्यांनी चष्मा काढला.

"हे उघडायचं कधी?"

"मी गेल्यावर."

"आणि लेकीचं खरेदीखत कधी आहे?"

"सोमवारी."

"मग सोमवारच्या आत जायचा विचार आहे का?"

म्हणून कलम पाच. हा कागद पाकिटात बंद करायचा नाही. आज दुपारीच मी तो लेकीकडे नेणार आणि तिच्यासमोर, जावयांसमोर, पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचणार. मग त्यांनी हे घर घ्यावं की दुसरं एखादं, ते त्यांनी ठरवावं. कोपऱ्यावरचं मात्र घेऊ नये.

लेकी, जावयांचा विश्वास बसला नाही, तर खिडकीपासून दोन हात डावीकडे, खांद्याच्या उंचीवर पुट्टीच्या पत्र्याने खरवड. आत निळ्या चौकड्यांच्या सदऱ्याची बाही सापडेल. तू पहिल्या पगारातून आणलेला. जुना झाल्यावर मी तो कामावर घालायचो. हरवला, असं तुला सांगितलं होतं.

सही: रंगारी, लेकीचा बाप

साक्षीदार पहिले: शेजारचे सुतार (सोबत येत आहेत, ब्रशाचं कलम मान्य नाही)
साक्षीदार दुसऱ्या: डॉक्टरीणबाई

ठिकाण: पोपडे निघालेली पुढची खोली
तारीख: नऊ, शनिवार, जेवणाआधी