हात पिठाचे आहेत

आत्याबाई, तुम्ही विसरल्या. नेहमीसारख्याच. जिवंत होत्या तेव्हा मिठाचा डबा हातात धरून घरभर मीठ शोधायच्या, आणि खानावळीतल्या चाळीस जेवणाऱ्यांपैकी कोणाचा कोणत्या वारी उपास ते मात्र तोंडपाठ. आता तेवढंही राहिलेलं दिसत नाही. यंदा पितरांच्या पंधरवड्यात तुमच्या तिथीला मी, तुमच्या सुनेने, छपराच्या टिनावर पान ठेवलं. कढी, वडे, गवारीची भाजी, खीर. वर पाहून पाहून मान दुखली. कावळा काही आला नाही. एक कबुतर आलं, वड्यावर पाय देऊन उभं राहिलं आणि गेलं. ते तुम्हीच असाल तर तसं सांगा. पण अन्नाला पाय लावणाऱ्या तुम्ही नव्हत्या.

बरोबर आहे म्हणा, तुम्हाला घर सापडणार कसं. कापसाच्या बाजारामागची ती गल्ली आता गल्ली राहिली नाही. आपल्या एका बाजूला पाच मजले, दुसऱ्या बाजूला सहा, आणि मधे आपल्या दोन खोल्या. कवेलू जाऊन टिन आलं एवढाच आपला विकास. ऊन दुपारी येतं, चार भाकरी होईपर्यंत थांबतं आणि पलीकडच्या भिंतीवर चढून जातं. पूर्वी अख्ख्या गल्लीचे लोक पत्ता सांगताना म्हणायचे, खानावळीच्या बाजूला. आता तुमचा नातू फोनवर लोकांना सांगतो, कॅफेच्या बाजूला. कॅफे म्हणजे तुमच्या भाषेत हॉटेल, पण तिथं कोणी भुकेलं येत नाही. लोक एक कप घेऊन दोन तास बसतात. तुम्ही असत्या तर अर्ध्या तासात हातात झाडू घेऊन म्हटलं असतं, उठा बापू, दुसरी पंगत बसायची हाय.

हे लिहिते आहे तुमची पणती, तुमच्या नातवाची मुलगी. कॉलेजात जाते. मी एक बोलते आणि ही शाळेतल्या बाईंसारखं लिहिते. मी म्हटलं, मी बोलतो तसंच लिही ना वं. तर म्हणते, आजी, वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. मी म्हटलं, वाचणारी मरून चाळीस वर्षं झाली, तिले काय कळत नाही. पण पेन तिच्या हातात आहे.

कॅफे कुठं उभा आहे ते तुम्हाला सांगायला जीभ जड होते. आपल्या अंगणात. जिथं लिंबाचं झाड होतं, तिथंच. ते अंगण कसं गेलं ते तुम्ही विसरल्या असाल तर बरंच आहे, पण तुम्ही नको तेवढंच लक्षात ठेवता. माझ्या लग्नाला दुसरं वर्ष. तुम्ही बाजारात अंबाडी आणायला गेल्या आहेत. मी चुलीपुढे. शेजारच्या मालकाचा माणूस दारात येतो, हातात कागद. म्हणतो, वहिनी, लाइटीच्या मीटरचा कागद हाय, घरच्या माणसाचा अंगठा लागते. लाइट येणार म्हणून मला कोण आनंद. शाईची डबी त्यानेच उघडून धरली. मी अंगठा दिला, आणि वर त्याला पाणीही दिलं.

महिन्याभराने झाड तोडायला माणसं आली तेव्हा कळलं, त्या कागदात अंगण होतं. मी राळेगावकडच्या माझ्या माहेरी परत जायचं गाठोडं बांधून बसले होते, इतकी मला खात्री होती की आता हाकलणार. झाड पडल्याचा आवाज आला. तुम्ही परातीतून पिठाचा गोळा उचलला, माझ्या दोन्ही हातांत दाबला आणि म्हणाल्या, "रडून काय राह्यली? झाड गेलं, तू तं हाय ना. आता कोनीबी कागद घेऊन आला तं सांगायचं, हात पिठाचे हायेत. बास. पिठाच्या हाताचा अंगठा कोनी घेत नाही, कागद खराब होते."

तो गोळा मी अजून सोडला नाही, आत्याबाई. जनगणनेवाले माणसं मोजायला आले, मी परातीजवळ. विम्यावाला आला, मी परातीजवळ. तुमचा मुलगा गेला तेव्हा दवाखान्याच्या कागदावरही मी म्हणाले, हात पिठाचे आहेत. दवाखान्यात परात नव्हती. नर्स माझ्याकडे पाहत राहिली.

मागच्या वर्षी कॅफेची पोरगी आली. वाईट नाही ती, मला आजी म्हणते. तिला तुमचा पाटा पाहिजे. म्हणाली, आम्ही तो दारात ठेवू, वर फुलझाडाची कुंडी, छान दिसेल. मी म्हटलं, हात पिठाचे आहेत. ती हसली. तिला वाटलं, आजी गंमत करतात. पुढच्याच आठवड्यात मी बाजारातून टाकीवाली शोधून आणली आणि पाट्याला छिन्नीने नवी टाकी लावून घेतली. आता त्याच्यावर हात फिरवला तर कातडी निघते. सून म्हणाली, "अहो मामी, मिक्सर हाय ना घरात, कायले?" मी म्हटलं, आत्याबाईंची आठवण.

एकदा ही नात मला त्या कॅफेत घेऊन गेली. म्हणाली, काय पाहिजे? मी म्हटलं, लिंबाचा चहा. मी बरोबर झाडाच्या जागी बसले होते, पावलं मोजून. लिंबू फ्रिजमधलं होतं. तिथून घरी परतलो तर आपलं दार बंद. म्हणजे दार उघडंच होतं, पण दाराला टेकून गाडी उभी. हे रोजचंच आहे. कोणाची तरी गाडी आपल्या उंबऱ्याशी लागते आणि त्यांची कॉफी संपेपर्यंत आम्ही आत. ती पोरगी धावत येते, "सॉरी आजी, दोनच मिनिटं." मागच्या श्रावणात सुनेचा श्वास अडकला तेव्हाही गाडी होती. तुमच्या नातवाने बायकोला उचलून गाडीच्या बोनेटवरून पलीकडे दिलं. तेव्हापासून तो गाडीवाल्यांशी भांडत नाही. तेव्हापासून तो घर द्यायचं म्हणतो.

घर माझ्या नावावर आहे. तुम्हीच करून गेल्या, मुलाच्या नाही, सुनेच्या नावावर. काहून केलं असं, ते विचारायचं राहून गेलं. आता बिल्डर इथेच मोठी इमारत बांधणार आणि आम्हाला चौथ्या मजल्यावर तीन खोल्या देणार, लिफ्टसकट. कागद मला तिघांनी वाचून दाखवला. माझ्या मुलाने, वकिलाने, आणि शेवटी या नातीने. यावेळी कोणी खोटं बोलत नाही, आत्याबाई. हेच तर अवघड आहे. खोटं असतं तर मी सरळ परातीजवळ बसले असते. मुलाचे गुडघे गेले, पावसाचं पाणी घरात येतं, सून दम घेत जगते. तो म्हणतो ते सगळं खरं आहे. फक्त माझा अंगठा पाहिजे.

आता शाई नसते. काच असते, तिच्यावर अंगठा ठेवायचा, मशीन ओळखते. आम्ही रजिस्ट्रीला गेलो. मी अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल. दहाही बोटं झाली, डोळाही दाखवून झाला, पण डोळ्यात मोतीबिंदू. तिथला माणूस भला होता, म्हणाला, "आजीबाई, रेघाच नाही ना राह्यल्या बोटाले. पंधरा दिवस कामं करू नका, खोबऱ्याचं तेल लावा अन् या." पंधरा दिवसांनी गेलो. लाल दिवा.

परत येताना ऑटोत तुमच्या नातवाने माझा हात आपल्या मांडीवर घेतला. अंगठा उलटा-सुलटा करून पाहिला. मला वाटलं, आता चिडणार. तो म्हणाला, "किती राबली वं तू, माय. रेघा झिजल्या तुह्या, मले दिसलंच नाही कधी." आणि तोंड बाहेर वळवून बसला. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो वाटीत तेल कोमट करून आणतो आणि माझ्या अंगठ्याला चोळतो. साठीच्या जवळ आलेला माणूस, स्वतःचे गुडघे धरून खाली बसतो. मी पंख्याकडे पाहत राहते.

आता पुढचं लिही, असं मी नातीला म्हटलं आहे. लिही की पहिल्या लाल दिव्याच्या आधीपासून, रोज सकाळी सून आंघोळीला गेली की मी पाट्याजवळ बसते. लसूण नाही, मिरची नाही, नुसता अंगठा. रात्रीतून जेवढी रेघ उगवते तेवढी उतरवते. बाकीची बोटं खरंच कामाने गेली. अंगठ्याच्या रेघा मात्र शाबूत होत्या, मोजून घ्याव्या इतक्या. तुम्हीच त्याला आयुष्यभर पिठात झाकून ठेवलं होतं.

नातीचा पेन थांबला. मग म्हणाली, "आजी, हे बाबाले सांगू का मी?"

मी म्हटलं, "तुले कोनी सांगितलं? मी तं आत्याबाईले सांगून राह्यली."

"पन आजी, सोमवारी पुन्हा जायचं हाय ना."

"माहीत हाय मले सोमवार."

तिने लिहिलं की नाही, मला कळायला मार्ग नाही. म्हणते लिहिलं. मी वाचून दाखव म्हटलं, तिने दाखवलं. पण ती पाठही म्हणू शकते, हुशार आहे. पत्ता काय टाकू, विचारते. मी म्हटलं, टाकू नको, पिठाच्या डब्यात ठेव, तिथं तुझा बाप हात घालत नाही. तो तिथं हात घालेल तेव्हा घालेल.

आणि आत्याबाई, इतकी वर्षं आम्ही तुम्हाला पान वाढलं. या खेपेला तुम्ही पाठवा. ज्वारीची भाकर, चुलीवरची, कडा थोड्या करपलेल्या. अंबाडीची भाजी, तेल सढळ हाताने. सोमवारच्या आधी पोचलं तर बरं. ठेचा मात्र पाठवू नका. अंगठा झोंबतो.