स्क्रीन सोडून सगळं

पांढुर्णा,
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय चेतन,

खूप खूप आशीर्वाद. तिळगुळाचा डबा काल कुरिअरनं पुण्याला पाठवला. तो आधी पोचला असेल तर खाऊन घे, मग हे वाच. इथे थंडी चांगली पडली आहे. तुझ्या बाबांचा गुडघा सकाळी कुरकुरतो, दुपारी उन्हात बसले की गप्प होतो. मागच्या अंगणातल्या संत्र्याला यंदा फळं कमी, पण गोडी भारी.

तू म्हणशील, आईला पत्र लिहायचं काय सुचलं, फोन तर हातातच असतो. कारण सांगते. फोनवर बोललं की नेहाला ऐकू जातं. तिचे कान आता असे झाले आहेत की मागे गॅसवर दूध वर येऊन राहिलं तर ती समोरच्या ओट्यावरून सांगते. लिहिलेलं मात्र तिला ऐकू येत नाही. म्हणून दार लावून लिहिते आहे. आपल्याच घरात चोरासारखं वाटतं, पण इलाज नाही.

दिवाळीनंतर नेहाबद्दल तू फोनवर जे म्हणालास, त्यावर मी "पाहू" एवढंच म्हटलं होतं. त्याचं उत्तर तुला द्यायचं आहे. पण त्याआधी आमच्या कॉम्प्युटरची गोष्ट ऐक. तुझ्या बायकोनं कॉम्प्युटर घेतला, हे तुला कोणी सांगितलं नसेल.

नेहाला काम मिळालं आहे. नागपूरची एक कंपनी आहे. लोकांचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवतात, ते ऐकून टाइप करायचं. आपल्याकडची बोली समजणारं माणूस त्यांना पाहिजे होतं. परीक्षा म्हणून एक रेकॉर्डिंग पाठवलं. कोणी म्हातारा संत्र्याच्या डिंक्या रोगाबद्दल बोलून राहिला होता, मागे ट्रॅक्टर चालू, वरून तोंडात तंबाखू. मी दोनदा ऐकलं, मला "झाड" सोडून काही कळलं नाही. नेहानं फोनवरच्या फोनवर त्याचा शब्दन् शब्द उतरवून पाठवला, खोकल्यासकट. कंपनी म्हणाली, काम पक्कं, पण फोनवर भागणार नाही, कॉम्प्युटर घ्या.

चाळीस हजारांत बसवायचं असं ठरलं. अर्धे तिचे, कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब पाहायची तेव्हाचे साठवलेले, अर्धे माझ्या पेन्शनमधले. बाबा म्हणाले लॅपटॉप घ्या, उचलून कुठेही नेता येतो. नेहा म्हणाली, "बाबा, मले तेच नको आहे. माझी वस्तू जागेवरच पाहिजे. हात टाकला की सापडली पाहिजे." झालं, डेस्कटॉप.

दुकान कोणाचं असेल? तुझ्या वर्गातल्या प्रवीणचं. मला पाहिल्याबरोबर खुर्चीवरून उठला, "बाई, तुम्ही?" पाढे चुकले की असाच उठायचा. त्यानं नेहासमोर एक कॅबिनेट आणून ठेवलं आणि म्हणाला, "वहिनी, हे पाहा..." आणि जीभ चावली. नेहा म्हणाली, "पाहते नं, आणा इकडं," आणि हात पुढे केला.

त्या कॅबिनेटला एका बाजूनं काच, आत लाल-निळे लाइट. "आजकाल पोरं हाच घेऊन राहिले, वहिनी."

"लाइटचे किती लावता?"

"दोन-अडीच हजार जास्तीचे."

"मग भाऊ, लाइट तुमच्याकडं ठेवा अन् मले तेवढ्याची रॅम द्या."

प्रवीण कपाळाला हात लावून हसला. म्हणे, रॅमचं नाव नका काढू, संत्र्याच्या मंडीसारखा भाव झाला आहे, सकाळी एक, संध्याकाळी एक.

मग ती एकेक विचारत गेली, मी नुसती ऐकत राहिले. प्रोसेसर मधला चालेल, पण चित्रांचं वेगळं कार्ड नको, मी गेम खेळणार नाही. जुन्या पद्धतीची डिस्क नको, नवी पाहिजे, ती आवाज करत नाही. बोर्डवर रॅमची एक जागा रिकामी सोडा, पुढं पैसे आले की भरू. कीबोर्ड तिनं पाच-सहा हाताळले आणि सगळ्यात स्वस्त निवडला, कारण त्याची बटणं खोल दाबली जातात आणि बोटाला उत्तर देतात. हे शब्द तिचेच.

सगळ्यात शेवटी म्हणाली, "भाऊ, ते गाणं बंद करता का जरा? अन् शटर अर्धं ओढा." प्रवीणनं तिच्यासमोर तीन कॅबिनेट चालू करून ठेवली. बाहेर ट्रॅक्टर जाऊन राहिले होते, दोन गिऱ्हाईकं उभी होती, सगळे चूप. नेहा एकेका कॅबिनेटवर तळहात ठेवून, मान वाकवून ऐकत होती. तान्ह्या लेकराचा ताप पाहावा तसं. मला तर तिन्हींचा मिळून एकच घूं ऐकू येत होता. ती म्हणाली, "पहिल्याचा पंखा कशाले तरी लागून राहिला. तिसरा ठीक आहे, पण दिवसभर कानाशी बसला तर डोकं उठवील. हा मधातला द्या." प्रवीणनं पहिलं उघडलं. आतली एक बारीक वायर पंख्याच्या पात्याला घासत होती. तो वायर धरून आमच्या तोंडाकडे पाहतच राहिला. चेतन, तिला काय दिसत नाही हेच मी इतके दिवस धरून बसले होते.

मग तुझ्या बाबांनी मोडता घातला. त्यांचा जन्म बिजली ऑफिसात गेला, त्यामुळे लाइटवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "आधी यूपीएस," म्हणाले. "तो नसेल तर मी ह्या यंत्राले घरात पाय ठेवू देत नाही." यूपीएस धरला आणि चाळीसच्या वर गेलं. प्रवीण म्हणाला, रॅम कमी करू, नाहीतर स्क्रीन लहान घेऊ.

नेहा म्हणाली, "स्क्रीन काढा."

"काढा म्हणजे?"

"घेतच नाही. मले काय करायची आहे?"

प्रवीणची पंचाईत झाली. "वहिनी, स्क्रीनशिवाय कॉम्प्युटर कोणी नेला नाही आजपर्यंत."

"मग माझ्यापासून सुरू करा."

मीच मधे पडले. म्हटलं, असू दे गं एक, घरात कोणी आलं-गेलं तर बरं दिसतं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, आपल्या घरात येऊन कोणाले बरं दिसलं पाहिजे?" चिडून नाही, खरंच विचारत होती. स्क्रीन कटली. कॅबिनेट, कीबोर्ड, चांगला हेडफोन, दोन लहान स्पीकर आणि यूपीएस, एवढं ऑटोत घालून आम्ही घरी आलो. तुझ्या अभ्यासाच्या टेबलावर सगळं मांडलं. आत लागतं ते सगळं प्रवीणनं स्वतःच्या स्क्रीनवर करून दिलं होतं. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम फुकट मिळतो म्हणे.

तो प्रोग्राम पहिल्यांदा बोलला तेव्हा मला वाटलं बिघडला. तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज, एक शब्द दुसऱ्याच्या पाठीवर. नेहा मान हलवत ऐकत होती. मी म्हटलं, हे काय बोलून राहिलं? "आई, हे तुमचंच नाव घेऊन राहिलं. थांबा, तुमच्यासाठी हळू करते." तिनं दोन बटणं दाबली आणि एक सपाट आवाज स्वच्छ मराठीत म्हणाला, सुधा मोरेश्वर बोंडे, सेवानिवृत्त शिक्षिका, पांढुर्णा. मग पुन्हा वेग वाढवला आणि ती त्या धबधब्याखाली आरामात बसली.

मी जन्मभर पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवलं. अक्षरावर बोट ठेवून, डोळ्यांनी. वाचणं दुसरंही काही असू शकतं, हे साठी ओलांडल्यावर घरातल्या पोरीनं दाखवलं.

मागच्या आठवड्यात दिवेलागणीला मी तिच्या खोलीत लाइट लावायला गेले. आत पूर्ण अंधार. कॉम्प्युटर म्हटलं की तोंडावर उजेड असतो ना, तोही नाही. नुसता बटणांचा टकटक आवाज, आणि हेडफोनमधून गळणारी ती मोहरी. त्या अंधारात ती कुठल्यातरी गावच्या बाईचं बोलणं उतरवत होती आणि मधेच हसत होती, बाईनं काही गमतीचं म्हटलं असेल. मी बटणावर हात ठेवून तशीच उभी राहिले. लाइट न लावता परत आले. देवळातून निघताना पाठ फिरवत नाही, तशी मागच्या पावलांनी आले.

शुक्रवारी हळदीकुंकू केलं. सुशीलाकाकू तुला माहीतच आहेत. दारातूनच म्हणाल्या, "बाप्पा, हा कसला कॉम्प्युटर? हिले दिसत नाही तर नाही, आम्हाले बी काही दिसून नाही राहिलं!" बाया हसल्या. नेहाही हसली. म्हणाली, "काकू, तुम्ही बोला नं काही. तुमचं बोलणं कधी सरत नाही." मग काय, काकूंनी सुनेचा तिळगूळ कसा दगड झाला ते सुरू केलं. नेहाची बोटं चालत होती. काकू थांबल्या तसं तिनं एक बटण दाबलं आणि तो सपाट आवाज म्हणाला, "माह्या सुनेनं असा तिळगूळ केला का कुत्र्याले मारला तर कुत्रं मरन." मग काकू उठल्या. वाटलं, रागावल्या. त्यांनी करंडा घेतला, कॅबिनेटला हळद-कुंकू लावलं, मग नेहाला लावलं, आणि तिच्या गालावरून हात फिरवला. "चेतन कवा येऊन राहिला?" त्यांनी मला विचारलं. मी चहा आणायला आत गेले.

आता तुझं उत्तर. तू म्हणालास, आई, माझ्यानं आता होत नाही, नेहाला रामाकोन्याला तिच्या माहेरी पोचवून दे, तिथे भाऊ-वहिनी आहेत, सांभाळतील.

मी पोचवणार नाही. तिला कधी जावंसं वाटलं तर ती सांगेल, आणि तिकीट तीच काढेल.

तू वाईट आहेस म्हणून हे लिहीत नाही. नागपूरच्या डोळ्यांच्या दवाखान्याच्या तुमच्या फेऱ्या मी पाहिल्या आहेत. जेवढं दिसतं तेवढं दिसू दे म्हणून बसमध्ये तिच्यासाठी खिडकी धरायचास. मग डॉक्टरांनी सांगितलं की आता औषध नाही, आणि त्या दिवसापासून तू तिच्याकडे पाहीनासा झालास. आम्हीही फार वेगळे नव्हतो. आम्ही तिला जपत होतो, पाहत नव्हतो. तू जिला माहेरी पोचवायला सांगतोस ती नेहा मला घरात सापडत नाही. जी आहे तिला तू अजून भेटलाच नाहीस.

तुझ्या टेबलावर मधोमध जागा रिकामी आहे. चेतन, ये. आणि येताना स्क्रीन घेऊन ये. तिला लागत नाही, तुला लागेल. तिच्या बाजूला बसून ती काय लिहिते ते पाहायला.

सोमवार, सकाळ

काल पाकीट बंद करायला घेतलं आणि हात थांबला. जे पत्र तिच्याबद्दल आहे ते तिला ऐकू येत नाही म्हणून लिहायचं, हे मला पटेना. नेहा ओट्यावर उन्हात वाटाणे सोलत बसली होती. मी बाजूला बसले आणि सगळं वाचून दाखवलं. रामाकोन्यापाशी येऊन मी थांबले.

"वाचा आई, पुढचं," ती म्हणाली. "ते मले माहीत आहे."

"तुले कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तुम्ही फोनवर होत्या, मी तिथंच चहा गाळून राहिली होती."

म्हणजे परीक्षेचं रेकॉर्डिंग उतरवताना तिला ते माहीत होतं. प्रवीणच्या दुकानात हसताना, हळदीकुंकवाला बायांसमोर बसताना माहीत होतं. मी म्हटलं, मग बोलली कायले नाही?

"तुम्ही 'पाहू' म्हणाल्या होत्या नं. तुम्ही काय ठरवता त्याची वाट होती."

पुढचं सगळं ऐकून तिनं मांडीवरची टरफलं गोळा केली. मग म्हणाली, "ते 'ये' खोडा. यायचं का नाही, त्यांचं ते ठरवतील. स्क्रीनचं राहू द्या. फक्त पार्सलनं पाठवायची नाही म्हणा. अन् महागाची नको. मधातली चालते."

म्हणून वरचा पहिला "ये" मी खोडला आहे. वाचता येईल इतपतच.

ती आता कामाला बसली आहे. आतून तो भरभर आवाज येतो आहे. मला त्यातलं अक्षर कळत नाही, तरी दारात उभं राहून मी रोज थोडा वेळ ऐकते. बाबा म्हणतात, कळत नाही तर ऐकतेस काय? त्यांना काय सांगू?

शेवटी "वाट पाहतो" असं लिहू नका, असंही तिनं मला बजावलं आहे. म्हणून लिहीत नाही.

आई