शेजारच्या बाजूचा ब्रेक

रविवार, ता. ३

चि. खारूताईस मामाचे अनेक आशीर्वाद.

आधी सगळ्यांची हजेरी घेतो. तुझ्या अंगठ्यात सुई गेली होती, तो भरला का? जावईबापूंचा खोकला गेला, की अजून पहाटे गल्लीला तोच उठवतो? मांजरी मोकळी झाली का? आणि आमची म्हातारी कशी आहे? म्हातारी म्हणजे मी तुम्हाला दिलेली शिकवणीची गाडी, मामी नव्हे. मामी ठणठणीत आहे, आणि हे वाक्य तिने मागे उभं राहून लिहून घेतलंय. माझा कान मात्र गेला तो गेलाच. तीस वर्षं शिकाऊ पोरांनी गिअर खरवडले, ते सगळे त्याच कानात खरवडले.

तुम्ही दोघं ता. १६-१७ला, शनिवार-रविवार, त्या शहरात जाणार, असं जावयांनी कळवलं. आनंद वाटला. ज्या पुलावर तुमचं जमलं, तो पूल एकदा पुन्हा बघून या.

पण हे पत्र मुद्दाम तुझ्या शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर धाडतोय. माझं अक्षर म्हणजे शाईत पडून उठलेल्या मुंग्या. जावयांशिवाय कुणाला लागत नाही, आणि ते घरी मोठ्याने वाचून दाखवतात. हे तू एकटीने वाच. गेल्या खेपेला तुम्ही आलात, तेव्हा संध्याकाळी तू आमच्या फाटकावर जाऊन आदळलीस. हसून म्हणालीस, विचारात होते. मग जेवताना शेजारी बसलेली मामी पाण्याचा पेला पुढे करून थांबली आणि तुला तो दिसला नाही. मी जन्मभर लोकांच्या नजरा बघत गाडी शिकवली आहे, बाई. जायचं तर आगगाडीने जा. एवढं म्हाताऱ्याचं ऐक.

मामा


बुधवार, ता. ६

ती. मामांस सा. न. वि. वि.

अंगठा भरला. ह्यांचा खोकला गेला, पण आता घोरणं आलंय. मांजरीला तीन पिल्लं झाली आणि तिन्ही ह्यांच्या प्रुफांच्या गठ्ठ्यावर झोपतात, त्यामुळे छापखान्यात ह्यांच्या कागदांना कुणी हात लावत नाही. म्हातारीची कूस इथल्या फाटकाच्या खांबाला थोडी घासली. खांबच पुढे आलाय, असं मी सांगितलं. ह्यांना इतकं पटलं की त्यांनी घरमालकाशी भांडण काढलं.

तुमचं पत्र दुकानातल्या दिव्याखाली धरून अर्धा दिवस वाचलं. मामा, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. कडेकडेची नजर जातेय म्हणाले. आधी अंधारातलं जाईल, मग दोन्ही बाजू मिटत येतील, मधलं तेवढं भोकासारखं उरेल. औषध नाही. गाडी सोडा म्हणाले. पण अजून सुईत दोरा मी एका फटक्यात ओवते, बघायला या! समोरचं सगळं लख्ख दिसतं. फक्त शेजारचं माणूस आहे की नाही, ते त्याच्या बोलण्यावरून कळतं.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की हे त्या दिवसापासून माझ्याकडे बघून नुसते गप्प बसतील. मला हे दोन दिवस तसे नको आहेत. पहिल्यांदा त्या शहरात मीच ह्यांना गाडीतून नेलं होतं, आणि मोठ्या रस्त्याला वळण घेताना ह्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तेवढं एकदा करू द्या. रविवारी सकाळीच निघू, उजेडात घरी पोचू. सोमवारी सगळं सांगेन आणि किल्ली खुंटीला लावीन.

तुम्ही उगाच काळजी करता. शिकवणीच्या गाडीचा शेजारच्या बाजूचा ब्रेक तसाच आहे आणि हे त्याच्यावर पाय ठेवूनच बसतात. वळण आलं की दाबतात. गाडी थांबते ती आपल्यामुळेच, असा ह्यांचा ठाम समज आहे. मी तो मोडत नाही.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो रागातसुद्धा असू द्यावा.

तुमची खारूताई


गुरुवार, ता. १४

चि. खारूताईस आशीर्वाद.

पत्र टाकू की नको, यावर मामीशी वाद घालण्यात आठवडा गेला. आता दुकानात पाठवून तुला मिळायचं नाही, म्हणून जावयांनी कळवलेल्या लॉजच्या पत्त्यावर, फक्त तुझ्या नावाने पाठवतोय. पोचल्यावर आधी हे वाच.

माझी आई, म्हणजे तुझी आजी, दिवेलागणीला दारात बसून राहायची. आम्हाला म्हणायची, मला या वेळी वारा आवडतो. घुबडासारखी सगळी मान वळवून बघायची आणि आम्ही पोरं तिची नक्कल करायचो. तिला वाऱ्याचं काही नव्हतं. तिचीही अशीच कडेची नजर गेली होती, उठून आत जायची वाट दिसत नव्हती. ती सुईत दोरा शेवटपर्यंत ओवत होती. म्हणून त्या सुईचं कौतुक मला सांगू नकोस.

तू सकाळी निघणार म्हणतेस. खारूताई, त्या शहरातून आजवर कुणी ठरल्या वेळी निघालंय का? आणि हिवाळ्याचा दिवस, बघता बघता मावळतो. गाडी तिथेच ठेवा. मी एखादा माणूस पाठवून आणवीन. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. सोमवारी सांगेन म्हणतेस, ते नको. आज सांग त्यांना, पुलावर सांग, कुठेही सांग, पण परत निघायच्या आधी सांग. जावई रडतील. रडू देत. रडणारा माणूस शेजारी जिवंत बसलेला असतो, हे लक्षात ठेव.

मामा


रविवार, ता. १७, दुपार

ती. मामांस जावयाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र माझ्या हाती आलं. माझा इलाज नव्हता. लॉजच्या जिन्यात मिणमिणता दिवा, हिने पाकीट चाचपलं आणि नेहमीप्रमाणे माझ्या हातात देऊन म्हणाली, वाचा, मामांचे विनोद असतील. मी पहिल्या चार ओळी मनात वाचल्या. मामा, मी आयुष्यभर दुसऱ्याच्या मजकुरातला काना-मात्रा बदलला नाही. काल जिन्यात उभं राहून तुमचं एक अख्खं पत्र मनाने रचून तिला वाचून दाखवलं. मामीने तुम्हाला कानात तेल घालताना कसं पळवलं, वगैरे. ती पोट धरून हसली. खरं पत्र नंतर एकट्याने पुरतं वाचलं, ते माझ्या खिशात आहे.

संध्याकाळी पुलावर गेलो. मी म्हणालो, बघ, सगळ्या काठाने दिवे लागले. ती म्हणाली, किती सुंदर! आणि ती बघत होती ती पुलाच्या कठड्याच्या भिंतीकडे. मी तिचा हात धरून तिला हळूच वळवलं, थंडी वाजतेय असं सांगून. ती तेवढ्या उत्साहाने मला दाखवत होती, हे नाटकगृह, ही घड्याळाची इमारत. सगळं पाठ आहे तिला. तेव्हा माझ्याच्याने बोलवलं नाही.

आज सकाळी निघायचं होतं. मीच टंगळमंगळ केली. म्हटलं, ती म्हणेल आता उशीर झाला, आगगाडीने जाऊ. ती काही म्हणाली नाही. मग मी म्हणालो, आजची रात्र राहू या. तर उद्या नवरीचा पोशाख द्यायचा आहे, लग्न काही माझ्या चैनीसाठी थांबणार नाही, म्हणाली. शेवटी आत्ता निघतोय. ऊन भिंतीवर चढलंय. सोमवारी ती स्वतः सांगणार आहे ना, तो तिचा मान तिलाच असू द्यावा, असं मला वाटतं.

तुम्ही निर्धास्त असा. आता मला सगळं माहीत आहे. तिच्या दोन्ही बाजू मी बघीन, आणि तुमच्या त्या ब्रेकवर माझा पाय घट्ट आहे. कुठे काही वाटलं की मी दाबीन. ती खालून हाक मारतेय. पत्र लॉजच्या पेटीत टाकतो.

आपला जावई


गुरुवार, ता. २१

चि. खारूताई व चि. जावईबापू, दोघांस अनेक आशीर्वाद.

जावईबापू, तुमचं पत्र काल आलं. तुम्ही कसे आहात? खोकला उलटला नाही ना? खारूताई, तुझे डोळे कसे आहेत? अंगठा? पिल्लांनी डोळे उघडले का?

तुमचं पत्र मामीनेच मोठ्याने वाचलं. ब्रेकवर माझा पाय घट्ट आहे, तिथे आली आणि थांबली. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, तुम्ही त्यांना सांगितलं होतं ना? गाडी तुम्हाला देताना त्या पेडलाला ब्रेकशी जोडणारी खालची सळई मी स्वतः काढून घेतली होती. जावई नवखे, पायाला चाळा, भर रस्त्यात भलत्या वेळी दाबतील म्हणून. वरचं पेडल राहू दिलं. स्प्रिंग आहे, त्यामुळे पायाला खरं वाटतं. आजवर गाडी थांबली ती पोरीच्या पायाने. तिने पत्रात त्या ब्रेकचं लिहिलं, तेव्हाही मी ते हसण्यावारी नेलं. सळई फळीवर होती. मामीने ती काढून माझ्यापुढे टेबलावर ठेवली आहे. तिच्या शेजारीच हे पत्र लिहितोय.

मामी कालपासून दुकानात फोन लावतेय. नुसता वाजतो. शेवटी शेजारच्या चावीवाल्याला लावला. तो म्हणाला, दुकानाला कुलूप आहे, नवरीकडचे दोनदा येऊन परत गेले. बहुतेक तुम्ही मुक्काम वाढवला असाल. त्या शहरातून कुणी ठरल्या वेळी निघत नाही, हे मीच म्हटलं होतं. तसंच झालं असेल. पोशाखाचं काय, लोक चार शिव्या देतील आणि गप्प बसतील.

उद्याच्या पहिल्या गाडीने मी निघतोय. पण आधी मी तिथे पोचतो की तुमचं पत्र इथे, कुणास ठाऊक, म्हणून मामी घरीच थांबणार आहे. मजकूर नको, खुशाली नको, दोन शब्द पुरेत. अक्षर कसंही असलं तरी आम्ही लावून घेऊ. दोघांपैकी ज्याला जमेल त्याने, पण लगेच लिहा.

मामा