परसाकडे

९ जानेवारी

ठिपकी मेली. काल संध्याकाळी खुराड्याच्या कोपऱ्यात उभी होती — पिसं फुगवून, मान आत ओढून. थंडी वाजत असेल म्हटलं. सकाळी उताणी पडलेली, पाय ताठ.

बाबा म्हणाले, "तुझ्या आईच्या पलटणीतली एक कमी झाली." आई असताना ते या पलटणीकडे फिरकत नसत. खुराड्याचं दार लावा म्हटलं की त्यांना नेमकी कुणाच्या तरी घरची गळती आठवायची. जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केले. आई गेल्यावर मात्र रोज सकाळी माझ्याआधी परसात असतात. माणूस आपापल्या परीनं आठवण काढतो.

१० जानेवारी

आज एक तलंग गेली. अजून अंड्यावरही आली नव्हती.

खाली भुशावर रक्त होतं. आधी वाटलं, एकमेकींना टोचलं असेल. वाकून पाहिलं तर विष्ठेतच — लाल, शेंबडासारखं.

भिंतीपलीकडच्या मावशींनी लसूण ठेचून पाजायला सांगितला. त्यांच्या माहेरी तेच करायचे म्हणे. मग बऱ्या व्हायच्या का, विचारलं. म्हणाल्या, "ज्या जगायच्या त्या जगायच्या. लसूण आपल्या समाधानाला."

११ जानेवारी

छापखान्यात अर्धी सुटी टाकली. जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं तशी ताजी विष्ठा काडेपेटीत घालून नेली. डॉक्टर माझ्याहून लहान आहे. तिनं काडीच्या टोकावर थेंबभर घेऊन काचेवर पसरलं, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि लगेच मान हलवली. रक्ती हगवण. आतड्यात जंतू शिरतात, अस्तर कुरतडतात. ओल्या भुशात ते जोमानं वाढतात. कोंबड्या तोच भुसा टोचतात, पुन्हा पोटात घेतात.

मला वाकून बघायला लावलं. काचेवर गोल गोल ठिपके. मग काडेपेटीतलं दाखवलं. वरचं पांढरं टोक म्हणजे लघवी. पक्ष्याला वेगळी वाट नसते, सगळं एकाच दारानं. रोज सकाळी हेच पाहायचं — रंग, घट्टपणा, रक्त. तुरा फिका पडलाय का. पंख लोंबतायत का.

मी विचारलं, आधी कसं कळलं नाही. ती म्हणाली, "कोंबडी दुखणं लपवते, ताई. अशक्त दिसली की बाकीच्या टोचून मारतात. तुम्हाला दिसलं म्हणजे उशीर झालेलाच असतो."

ओल कुठून येते, तिनं विचारलं. परसातला नळ ठिबकतो, सांगितलं. बाबा काय करायचे तेही सांगितलं. हसली. दिव्याखाली अंधार!

१२ जानेवारी

औषधाची पूड पाण्यात कालवून द्यायची. अट एकच — दुसरं पाणी मिळता कामा नये. आजारी कोंबडी दाणा सोडते, पाणी सोडत नाही. म्हणून औषध पाण्यातून.

मी सगळी भांडी उचलली. औषधाचं एक ठेवलं. आजारी दोघींना पाटीखाली वेगळं केलं. बाकीच्या गेल्या त्या थेट नळाखालच्या डबक्याकडे!

बाबांना म्हटलं, वायसर बदला. म्हणाले, "उद्या."

१३ जानेवारी

डबक्यावर फरशी ठेवली. फरशीच्या कडेनं पाणी वाहिलं, तिथं प्यायल्या.

वेगळ्या ठेवलेल्यांपैकी एक गेली.

बाबा पुन्हा — उद्या. मग मी बोलले. लोकांकडे एका हाकेला जायचात. आईनं वर्षभर या नळाचं तुणतुणं वाजवलं, ती मेली तरी तिचा नळ उद्याच. त्यांनी ऐकून घेतलं. उठले. "परसाकडे जाऊन येतो."

हा शब्द आता फक्त त्यांच्याच तोंडी उरलाय. संडास परसाच्या टोकाला, खुराड्याच्या पलीकडे. त्यामुळे ते तिकडे चाललेत की कोंबड्यांकडे, कळत नाही. बराच वेळ आले नाहीत. मीही हाक मारली नाही.

१४ जानेवारी

नळ मी दुरुस्त केला.

बाबा उपड्या बादलीवर बसून सांगत होते. आधी वरची चावी बंद कर. पाना असा धर. डावीकडे. मी सगळ्या अंगानं जोर लावला तर म्हणाले, "हळू. नळ आहे तो, जावई नाही."

मी जावई नाही आणला, यावरचा हा त्यांचा जुना विनोद. मी हसले नाही. रागच इतका होता. हातात चाळीस वर्षांचं कसब असलेला माणूस शेजारी बसलाय, आणि वायसर मी बसवतेय. एकदाही वाकले नाहीत. ठिबकणं थांबल्यावर फक्त म्हणाले, "जमलं की."

१५ जानेवारी

जुना भुसा खरवडून जाळला. जमिनीवर चुना. नवा कोरडा भुसा. हात धुतले तरी वास जात नाही. औषधाचं पाणी सगळ्या पितायत. प्यावंच लागतंय.

१७ जानेवारी

कुणी मेलं नाही.

१८ जानेवारी

सकाळी परसातली फरशी ओली. संडासापासून खुराड्यापर्यंत बाबांनी बादल्या ओतलेल्या. मी पुन्हा ओरडले — ओल नको म्हणून घसा फुटला माझा! म्हणाले, "घाण होती. बरं, आता फडक्यानं पुसत जाईन."

जेवताना विचारत होते. रक्त लालच असतं का, काळपट झालं तरी तेच का. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मी त्यांना सांगितलं. इतकं लक्ष देऊन त्यांनी माझं कधी ऐकलं नव्हतं.

२० जानेवारी

डॉक्टर जाता जाता घरी डोकावली. एकेक कोंबडी उचलून छातीचं हाड चाचपलं. वजन उतरलं की तिथं आधी हाताला लागतं म्हणे. वेगळी ठेवलेली दुसरी, आईनं जिचं नाव मास्तरीण ठेवलं होतं ती, आता वाचेल म्हणाली. कोंबडा — फौजदार — तर डॉक्टरला टोचायलाच धावला.

बाबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी विचारलं, "डॉक्टरीणबाई, म्हाताऱ्या कोंबड्याला होतं का हे?"

"सहसा नाही, काका. लहानपणी होऊन गेलेलं असतं."

"आणि झालं तर? रक्त पडतंय, पण खातोय, पितोय. नुसता वाळत चाललाय."

"मग ती ही हगवण नाही. आत दुसरं काहीतरी असणार. पोट उघडून पाहावं लागतं."

"मेल्यावर?"

"कोंबडीचं मेल्यावरच."

बाबा हसले. ती फौजदाराकडे बघून म्हणाली, हा तर ठणठणीत आहे. बाबा म्हणाले, "वरून दिसतो तसा."

ती गेल्यावर मी म्हटलं, फौजदाराची एवढी काय काळजी. म्हणाले, घरात पुरुष आम्ही दोघंच.

२४ जानेवारी

मास्तरीण दाणे टिपते. तुऱ्याला रंग चढला. ओरडतेही पूर्वीसारखी, वर्गावर ओरडावं तशी.

२५ जानेवारी

शेवटची तपासणी. दोन काडेपेट्या भरल्या — एक कोंबड्यांची, एक तलंगांची. निघताना बाबांनी तिसरी हातात दिली. नळाची पांढरी टेप चारी बाजूंनी घट्ट गुंडाळलेली.

"फौजदाराची. मी उचलली. वेगळी तपास म्हणावं."

या माणसानं कोंबड्याची विष्ठा उचलली! आईनं पाहायला हवं होतं. वाटेभर मी त्यांना नळावरून बोलले ते आठवत राहिलं.

डॉक्टर दौऱ्यावर होती. पेट्या तिच्या टेबलावर ठेवून आले.

२६ जानेवारी

अंडं! मास्तरणीचं. लहान, पण टणक. बाबांना उकडून दिलं. दोन घास घेऊन बशी सरकवली. भूक नाही म्हणाले. परसाकडे जाऊन येतो म्हणाले.

२७ जानेवारी

डॉक्टरांचा फोन आला. दोन पेट्या स्वच्छ. मग म्हणाली, "ताई, टेप लावलेलीत रक्त आहे. पण पांढरं अजिबात नाही. ती कोंबड्याची नाही. कुणाची आहे, विचारा."

खिडकीतून बाबा दिसतायत. उपड्या बादलीवर बसलेत. शाल फुगलेली, मान आत ओढलेली.

आज थंडी नाही.