गुरं अडवणाऱ्याचे उपकार आणि माझी मेडिकेअर

स्कार्विक, नॉर्थ डकोटा
डिसेंबरचा दुसरा आठवडा

तीर्थरूप आर्डेलदादाच्या चरणी (तिकडे ॲरिझोनात तू बारा महिने सपाताच घालतोस असं कळलं, तेव्हा चरण सापडायला अडचण नसावी) धाकट्या ऑर्विसचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? व्हायोलावहिनींचा खोकला गेला का? इकडे आम्ही दोघं नवरा-बायको ठणठणीत आहोत. लावोन अजून गावची अँब्युलन्स चालवते आणि पूर्वीइतकीच जोरात चालवते, त्यामुळे पेशंट निम्म्या वाटेतच बरं वाटतंय म्हणू लागतात. थंडी बेताची आहे. नाकातले केस गोठतात, पण पापण्या अजून नाही.

तू फोनवर म्हणालास की ऑर्व्या, तुला पासष्ट पूर्ण होतायत, आता त्या म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याचं, मेडिकेअरचं, नीट बघ, त्या ओसाडीत राहून तुला यातलं काय कळणार, माझ्यासारखी फुकट व्यायामशाळावाली योजना घे आणि गप्प बस. दादा, तू मोठा आहेस म्हणून तेव्हा ऐकून घेतलं. आज अभिमानानं कळवतो की तुझ्या या धाकट्या भावानं मेडिकेअर निवडली, चुकीची निवडली, मोडली आणि पुन्हा बरोबर निवडली, आणि हे सगळं थोरस्टॅड घराण्याच्या नावाला बट्टा न लावता केलं. कसं ते सविस्तर सांगतो. वहिनींना वाचून दाखव (ताजा कलम सोडून).

झालं असं की ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात प्रेस्टन कीव्हिल नावाचा एक विमा एजंट सभा घ्यायला आला. फार्गोचा पोरगा, तिशीचा, बूट असे चकचकीत की त्यात बघून दाढी करावी. नियमाप्रमाणे एजंटला लोकांना जेवण घालता येत नाही, फक्त बिस्किटं चालतात. पण लोकांनी एजंटला जेवण घालू नये असा नियम कुठेच नाही, त्यामुळे आपल्या बायकांनी त्याच्यापुढे भट्टीत भाजलेली, मांस-बटाट्यांची सहा तऱ्हेची हॉटडिश मांडली. तेव्हा कळलं की पोरगा मांस खात नाही. बायकांनी सहाही भांडी पुन्हा एकदा उघडून बघितली. मग कुणीतरी म्हणालं, "असतं एकेकाचं," आणि त्याला वरवरचे बटाटे वेचून दिले. त्यानं ते मन लावून खाल्ले आणि दोन रस्ते समजावून सांगितले. एक सरळ सरकारी मेडिकेअर, वर पूरक विमा आणि औषधांचा वेगळा हप्ता, मग कुठल्याही दवाखान्यात जा. दुसरा म्हणजे कंपनीची योजना: हप्ता नाहीसारखाच, चष्मा, दात आणि व्यायामशाळा फुकट, पण कंपनीच्या यादीतल्याच दवाखान्यात जायचं. (सर्वांत जवळची व्यायामशाळा बिस्मार्कला. तिथवर जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस गाडीत बसायचं आणि मग बसून बसून वाढलेलं पोट तिथे उतरवायचं.) मी मनात तेव्हाच ठरवलं होतं की आपण सरळ रस्त्यानं जायचं. हे लक्षात ठेव, कारण पुढे मी उलटंच केलं.

दुसऱ्या आठवड्यात तो मी बोलावल्यावरून घरी आला, आणि नेमकं त्याच सकाळी आपल्या उत्तरेच्या कुंपणाचा खांब आडवा झाला होता. मी वासरं आयांपासून तोडलेली, त्यामुळे गायी आधीच पिसाळलेल्या. अख्खा कळप हायवेच्या दिशेनं निघाला. लावोन अँब्युलन्सवर, मी पिकअपमध्ये मागून हॉर्न वाजवतोय, आणि पुढे रस्त्याच्या तोंडाशी हा फार्गोचा पोरगा हात पसरून उभा. पळाला नाही. कागदांची बॅग ढालीसारखी धरली आणि त्या लाल मानेच्या म्हाताऱ्या गायीच्या डोळ्यात बघत राहिला. ती थांबली, वळली, तिच्यामागे सगळ्या वळल्या. पोराचा एक बूट शेणात रुतला तो तिथेच राहिला, वसंतात सापडेल.

आता दादा, तू तिकडे इतकी वर्षं राहिलास तरी एवढं विसरला नसशील. इथे कुणी तुमची गुरं वळवली तर आभार मानायचे नसतात. आभार मानले म्हणजे व्यवहार मिटवला असं होतं. त्याची गुरं सुटतील तेव्हा आपण धावायचं असतं. पण या पोराला गुरं नाहीत. शेत नाही, ट्रॅक्टर नाही, तुंबलेला पंप नाही. तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो, तिथलं बर्फसुद्धा दुसरंच कुणी काढतं. अशा माणसाचे उपकार फेडायचे कसे? मी अर्धा बैल कापून देतो म्हणालो, तर तो भाजीपाला खाणारा. मी स्वयंपाकघरात बसून विचार केला की या जगात या माणसाला लागतं तरी काय. त्याला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे सही.

म्हणून मी कंपनीच्या योजनेवर सही केली. त्यानं बिचाऱ्यानं बजावून विचारलं होतं, तुमचे डॉक्टर कोण, ते यादीत आहेत का बघतो. मी म्हणालो, डॉक्टर कुणी नाही. खोटं नव्हतं. आपल्या गावचा दवाखाना चालवणारी जोलीन नर्स आहे, डॉक्टर नाही. आणि परक्या माणसापुढे आपल्या छातीतल्या दुखण्याचा पाढा वाचायला आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. प्रकृती कशी विचारलं, तर मी म्हटलं, बरी म्हणायची. आपल्या बाबांनी तर शेवटच्या दिवशीसुद्धा तेवढंच सांगितलं होतं.

मग नोव्हेंबरात मी नेहमीप्रमाणे छाती तपासायला जोलीनच्या दवाखान्यात गेलो आणि ऐटीत नव्या योजनेचं पत्र पुढे केलं. जोलीननं ते दोनदा वाचलं. आपला दवाखाना त्या यादीत नव्हता. नव्या वर्षापासून मला बिस्मार्कला जायचं होतं. दादा, दोन हिवाळ्यांपूर्वी मी खळ्यात कोसळलो तेव्हा वादळानं हायवेची फाटकं बंद होती, हेलिकॉप्टर उडत नव्हतं, आणि त्या रात्रभर मला या जगात धरून ठेवलं ते जोलीननं. ते मी तुला तेव्हा कळवलं नव्हतं, म्हणजे प्रकृती बरी म्हणायची असंच कळवलं होतं. ती चिडली नाही. पत्राची घडी घालून परत दिली आणि म्हणाली, "मग आता आपली भेट चर्चमध्येच व्हायची तर."

मी बाहेर येऊन पिकअपमध्ये बराच वेळ बसलो. त्या दवाखान्याच्या भिंती आपल्या बाबांनी रंगवल्यात. त्याचं छप्पर आईनं आणि तिच्या मैत्रिणींनी घरी भाजलेल्या गोड पाई लिलावात विकून घातलंय (तिची ती रुबार्बची आंबटगोड पाई तूच विकत घेतली होतीस आणि खाल्ली मात्र मी). पेशंट असतील तर ते दार उघडं राहील, आणि एक एक करून आम्ही सगळे बिस्मार्कला निघालो तर ते बंद होईल. त्याला टाळं लावणारा पहिला हात थोरस्टॅडचा असावा हे मला सहन होईना. मला खरंच रडू आलं, आणि शेजारून जाणाऱ्या गाडीला मी नेहमीसारखं नमस्कारापुरतं स्टीअरिंगवरून बोटसुद्धा उचललं नाही. गावात त्याची दोन दिवस चर्चा झाली.

सुदैवानं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मन बदलायला मुभा असते. एक फोन केला असता तर काम झालं असतं, असं तू म्हणशील. पण ज्यानं आपली गुरं अडवली त्याला दिलेली सही त्याच्या पाठीमागे फोनवरून काढून घ्यायची? आधी फिटंफाट, मग मोडामोड. आणि चकचकीत बूटवाल्या शहरी माणसाचे उपकार फेडायची या जिल्ह्यात एकच हमखास संधी असते. त्याची गाडी चारीत जाते आणि आपण ती ओढून काढतो. फक्त यंदा बर्फच पडेना. मुदत जवळ येत चालली आणि रस्ते कसे कोरडे ठक्क. मी आयुष्यात पहिल्यांदा बर्फासाठी प्रार्थना केली. शेजारी म्हणाले, ऑर्विस फार धार्मिक झाला.

मुदतीच्या दोन दिवस आधी बर्फ पडलं एकदाचं, गुडघाभर. मी प्रेस्टनला कॉफीला बोलावलं, कागदांचं बोलायचंय म्हणालो. तो आला, आणि आपल्या वळणावर त्याची ती बुटकी गाडी अलगद चारीत जाऊन बसली. मी ट्रॅक्टर घेऊन पोचलो (इंजिन गरमच होतं), साखळी लावली, गाडी रस्त्यावर आणली आणि तिथेच वाऱ्यात त्याला सांगितलं की बाबा, गायींचं आज फिटलं, आता माझी ती सही मोड. त्याचे दात वाजत होते.

"अहो ऑर्विस, हे फोनवर सांगितलं असतं तरी झालं असतं."

"फोनवरून ट्रॅक्टर चालत नाही," मी म्हणालो.

त्याच दुपारी मी सरळ सरकारी मेडिकेअर, वर पूरक विमा, असं सगळं पक्कं केलं, आणि दुसऱ्या दिवशी जोलीनकडे जाऊन छाती तपासून घेतली. तिनं रक्तदाब घेताना पट्टा नेहमीपेक्षा हळू आवळला. तेव्हा दादा, तुमच्या तिकडे चौकाचौकात हॉस्पिटल असेल, त्याचा हेवा नाही. आमच्याकडे एकच दवाखाना आहे आणि तो आम्ही उघडा ठेवलाय. ओसाडीतल्या माणसालाही निवड करता येते हे वहिनींना खणखणीत आवाजात वाचून दाखव.

तुझा आज्ञाधारक (तुझी आज्ञा मोडून),
ऑर्विस

ता. क. पत्र बंद करताना लावोननं वाचलं आणि म्हणते, खरं लिही. तर त्या दिवशी गावातल्या यच्चयावत लोकांच्या वाटा मी पहाटेच साफ केल्या होत्या, फक्त आपल्या स्वतःच्या वळणावरचं बर्फ राहून गेलं होतं. म्हणजे ठेवलं होतं. मी म्हटलं, शेवटी ओढून काढलं ना? तर ती म्हणाली, "ज्याला तूच खड्ड्यात घातलंस त्याला बाहेर काढलंस, याला उपकार म्हणत नाहीत, ऑर्विस."

दुसरा ता. क. ती आणखी म्हणते की "सगळं पक्कं केलं" हे वाक्यही खोडावं. फोन धरून अख्खी दुपार आपल्या स्वयंपाकघरात बसला तो प्रेस्टन. कुठला पूरक विमा आपल्याला बरा तेही त्यानंच शोधून दिलं, आणि तो दुसऱ्याच कंपनीचा, त्यामुळे यातून त्याला दमडीही मिळायची नव्हती. मी नुसता साखर भुरभुरून लेफ्सा, आपल्या त्या बटाट्याच्या पोळ्या, वाढत होतो. म्हणजे गायींचे उपकार शिल्लक आहेतच, वर हे नवे चढले, आणि आता तर त्याला द्यायला सहीसुद्धा उरली नाही.

तिसरा ता. क. (पत्र मुळात याचसाठी.) प्रेस्टनची आई तुमच्याच मेसा गावात राहते आणि जानेवारीत तो तिच्याकडे येतोय. मी त्याला तुझा पत्ता दिलाय. दोघांना घरी बोलाव आणि माझ्या वतीनं पोटभर जेवू घाल. मांस नको, बटाटे चालतात. एवढं करशील तर मी मोकळा होईन. फक्त एक सांभाळ. तो दारात येताच काही धरू का, काही उचलू का, विचारेल. त्याला खुर्चीत बसव आणि काहीही धरायला देऊ नकोस. तुझ्याकडे गुरं नाहीत हे एक बरं आहे.